कोलेस्टेरॉल नॉर्मल, तरी हार्ट अटॅक कसा? धमन्यांच्या आजारात आपल्याच पांढऱ्या पेशींचा हात

माझ्या मावशीला आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, होऊन १८ वर्षं झाली होती. सकाळी उठल्यावर तासभर बोटं वळत नसत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. एका रात्री डावा खांदा आणि जबडा ठणकू लागला. खांदा तर नेहमीच दुखायचा. तिने तेल चोळून घेतलं, शेक घेतला आणि झोपून गेली. पहाटे घामाने चिंब झालेली पाहून तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा कळलं की हार्ट अटॅक येऊन गेलाय. वय ५६. शुगर नाही, तंबाखू नाही. तीन महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टात कोलेस्टेरॉल अगदी बेताचं. ‘मग ब्लॉकेज आलं कुठून?’ हा घरातल्या प्रत्येकाचा प्रश्न होता.

मावशी वाचली. पण त्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला कुणी नीट दिलं नाही. ते शोधायला बसले तेव्हा लक्षात आलं की धमन्यांच्या आजाराचं जे चित्र आपण सगळे डोक्यात घेऊन फिरतो, तेच अर्धवट आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना जाहीर झालं. शरीराची संरक्षण यंत्रणा शरीरावरच का उलटत नाही, या कोड्याचा एक मोठा भाग त्यांनी सोडवला. बातम्यांमध्ये कॅन्सर आला, संधिवात आला, अवयवरोपण आलं. हृदयाचं नाव क्वचितच दिसलं. खरं तर हे संशोधन मावशीच्या धमनीपर्यंत येऊन पोचतं. कसं, ते पायरी-पायरीने पाहू.

नळाचं चित्र कुठे चुकतं

अँजिओग्राफीनंतर कागदावर नळ काढून दाखवतात. जड पाण्याच्या नळात क्षार साचतात तशी रक्तवाहिनीत चरबी साचते, तोंड अरुंद होत जातं, एक दिवस प्रवाह थांबतो. चित्र सोपं आहे म्हणून टिकून राहिलंय. पण नळ निर्जीव असतो. धमनी जिवंत असते, स्वतःची दुरुस्ती करते, रक्तातल्या पेशींना हाका मारते, आकुंचन-प्रसरण पावते.

पावसाळ्यात भिंतीत ओल मुरली की रंगाखाली पोपडा फुगतो, तो डोळ्यांसमोर आणा. धमनीला आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं, एका पेशीइतक्याच जाडीचं. चरबी या अस्तरावर चिकटत नाही. ती अस्तरामागे, भिंतीच्या आत मुरते आणि तिथे फुगवटा धरते. या फुगवट्याला डॉक्टर प्लाक म्हणतात. आत असतो चरबीचा, मेलेल्या पेशींचा लगदा. त्याचं वैद्यकीय नाव ‘अथेरोमा’ ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा अर्थ पेज किंवा लापशी. नाव ठेवणाऱ्याने आत काय आहे ते बरोबर पाहिलं होतं. लगद्यावर तंतूंचं एक झाकण असतं.

अनेक हार्ट अटॅक तोंड हळूहळू बंद होऊन येत नाहीत. हे झाकण फाटतं, आतली पेज रक्ताला लागते, आणि जखम झाली असं समजून रक्त तिथे गुठळी बांधतं. काही मिनिटांत वाट बंद. निम्म्याहून कमी अरुंद झालेल्या जागीही असं होऊ शकतं. ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल आली आणि महिन्याभरात अटॅक आला, असं ऐकून आपण चक्रावतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. तेव्हा खरा प्रश्न ‘चरबी किती साचली’ एवढाच उरत नाही. ‘झाकण कोण कुरतडतंय?’ हाही तितकाच महत्त्वाचा होतो.

हा विचार नवा नाही. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ सालीच लिहून ठेवलं होतं की धमनीतला हा बदल दाहाचा आहे. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात कालवून कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या धमन्यांत असेच फुगवटे आणून दाखवले. चरबीने गच्च भरलेल्या पेशी त्यांनाही सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या होत्या. पुढे मात्र कोलेस्टेरॉलवरच सगळ्यांची नजर खिळली आणि पेशी मागे पडल्या. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये योरान हान्सन आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या प्लाकमध्ये टी पेशी, म्हणजे एका खास प्रकारच्या पांढऱ्या पेशी, दाखवल्या, आणि १९९९ मध्ये रसेल रॉस यांनी एका गाजलेल्या लेखात ठामपणे मांडलं की हा दाहाचा आजार आहे. फिर्खोंचं म्हणणं पुन्हा मध्यभागी यायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

काटा रुतला की काय होतं

दाह हा शब्द पुढे सतत येणार आहे, म्हणून एकदाच नीट समजून घेऊ. पायात बाभळीचा काटा मोडून राहिला की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते, पू धरते. जांघेत अवधाण येतं. हे सगळं काटा करत नाही. काटा तर नुसता पडून असतो. करतात त्या आपल्या पांढऱ्या पेशी, काटा बाहेर ढकलण्यासाठी. त्यांच्या या धावपळीला दाह म्हणायचं. काटा निघाला की दाह ओसरतो.

धमनीतला काटा म्हणजे एलडीएलचा कण, ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो. रक्तात असे असंख्य कण फिरत असतात. नदी जिथे वळते किंवा फुटते तिथे गाळ बसतो, तसंच इथे. धमनी जिथे दुभंगते किंवा वळण घेते तिथे रक्ताचा प्रवाह भोवऱ्यासारखा होतो, अस्तर सैल पडतं आणि हे कण आत शिरून तंतूंच्या जाळ्यात अडकतात. फार दिवस ठेवलेलं शेंगदाण्याचं तेल जसं खवट होतं, तसे अडकलेले कण तिथे खवट होतात. रसायनक्रिया तीच, ऑक्सिडेशनची.

खवट झालेला कण शरीराला ओळखीचा वाटत नाही. अस्तर चिकट आकडे बाहेर काढतं, वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना अडकून आत उतरतात आणि भक्षक पेशी बनतात. वैद्यकीय नाव मॅक्रोफेज. गल्लीतल्या घंटागाडीसारखं यांचं काम: दिसेल तो कचरा उचलायचा. पण एलडीएलची आवक थांबतच नाही. घंटागाडी काठोकाठ भरते आणि भरलेलं नेऊन टाकायला पुरेशी वाट नसते. चरबीच्या थेंबांनी भरलेली ही पेशी सूक्ष्मदर्शकाखाली साबणाच्या फेसासारखी दिसते. शेवटी ती तिथेच मरते. तिला उचलायला दुसरी येते, तीही भरते. अशा रुतलेल्या गाड्यांचा ढीग म्हणजे मघाची ती पेज.

यात आणखी एक बारकावा आहे, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पेशीच्या पोटात कोलेस्टेरॉलचे सुईसारखे स्फटिक तयार होतात. २०१० मध्ये संशोधकांनी दाखवलं की हे स्फटिक पेशीच्या आतला धोक्याचा भोंगा चालू करतात. गाऊट या आजारात युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात जो भोंगा वाजवतात, तोच हा. भोंगा वाजला की पेशी ‘इंटरल्युकिन-१ बीटा’ नावाचा रासायनिक निरोप बाहेर सोडते: ‘आणखी कुमक पाठवा.’ काटा निघत नाही, कुमक येत राहते. दाह ओसरायचं नावच घेत नाही.

टी पेशींच्या हातातला फोटो

भक्षक पेशी सरसकट काम करतात. टी पेशींचं तसं नाही. प्रत्येक टी पेशीकडे जणू एकाच संशयिताचा फोटो असतो. शरीरात फिरताना त्या फोटोशी जुळणारा प्रथिनाचा तुकडा कुणी समोर धरला, तरच ती जागी होते. आणि जागी झाली की स्वतःच्या हजारो प्रती काढते.

ही गोष्ट तपासाला उपयोगी पडते. एखाद्या जागी एकाच टी पेशीच्या पुष्कळ प्रती सापडल्या, तर तिथे कुणाचा तरी चेहरा फोटोशी जुळला असं समजायला जागा असते. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये हेच केलं. ज्यांच्या धमनीतला प्लाक शस्त्रक्रियेने काढला होता, त्यांचा प्लाक आणि त्यांचंच रक्त शेजारी-शेजारी ठेवून तपासलं. प्लाकमध्ये काही टी पेशींच्या प्रती वाढलेल्या होत्या, आणि आपला संशयित नुकताच भेटल्याच्या खुणा त्यांच्यावर होत्या. अशा खुणा स्वयंप्रतिकार आजारांमध्ये दिसतात. स्वयंप्रतिकार म्हणजे संरक्षण यंत्रणा आपल्याच शरीरातल्या घटकाला शत्रू समजते ती अवस्था. आमवातात हा हल्ला सांध्यांच्या अस्तरावर होतो, सोरायसिसमध्ये त्वचेवर.

मग धमनीत संशयित कोण? सर्वांत सबळ पुरावा ‘अपो-बी’ या प्रथिनाकडे बोट दाखवतो. एलडीएलच्या प्रत्येक कणाला हे एकच लांबलचक प्रथिन गुंडाळलेलं असतं. ते आपलंच आहे, जन्मापासून रक्तात आहे. तरीही माणसांमध्ये अपो-बीच्या तुकड्यांवर जाग्या होणाऱ्या टी पेशी सापडल्या आहेत. दुसरे संशयितही आहेत: ताण पडल्यावर पेशी जी प्रथिनं तयार करतात त्यांपैकी काही, काही विषाणूंचे तुकडे. प्लाकमधल्या बहुतेक टी पेशींचा फोटो कुणाचा, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

जाग्या झालेल्या टी पेशी काय करतात ते मात्र चांगलं कळलंय. त्या ‘गॅमा इंटरफेरॉन’ नावाचा निरोप सोडतात. तो मिळाला की झाकणासाठी कोलॅजनचे तंतू विणणाऱ्या पेशी हात आखडता घेतात. त्याच निरोपाने चवताळलेल्या भक्षक पेशी आहे ते कोलॅजन विरघळवणारी विकरं (एन्झाइम) सोडतात. विणकाम थांबलं आणि उसवणं सुरू झालं. झाकण कुरतडतं कोण, याचं हे उत्तर.

शांतता समिती

आता नोबेलकडे वळू. टी पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होतात. तिथे एक चाळणी लागते: स्वतःच्याच शरीराचा फोटो बाळगणाऱ्या पेशी बहुतांशी तिथेच बाद केल्या जातात. पण चाळणीतून काही निसटतातच. अपो-बीचा फोटो बाळगणाऱ्या पेशी निरोगी माणसातही असतात. तरी बहुतेकांमध्ये दंगल होत नाही. का?

१९९५ मध्ये जपानच्या साकागुची यांनी टी पेशींचाच एक वेगळा गट दाखवून दिला, ज्याचं काम इतर टी पेशींना आवरणं हे आहे. या नियंत्रक टी पेशी. २००१ मध्ये ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी त्यांच्यामागचं जनुक शोधलं. ते जनुक बिघडलेल्या बाळांमध्ये संरक्षण यंत्रणा एकाच वेळी अनेक अवयवांवर तुटून पडते.

सणावाराला पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. प्रत्येक मोहल्ल्यातली चार समजूतदार माणसं तिथे असतात. ती लाठी घेत नाहीत. तापलेल्या पोरांना बाजूला घेऊन समजावतात. नियंत्रक टी पेशी असंच करतात, आणि धमनीतही करतात. २००६ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी उंदरांमधल्या या पेशी कमी केल्या, तर धमन्यांचा आजार वाढला.

पुढची गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. कॅलिफोर्नियात ला होया इथे क्लाउस लाय यांच्या गटाने अपो-बी ओळखणाऱ्या टी पेशींचा माग काढला. सुरुवातीला त्यांतल्या बऱ्याच जणी शांतता समितीतल्याच होत्या. आजार वाढत गेला तसा त्यांचा स्वभाव पालटत गेला आणि काही दंगेखोरांना सामील झाल्या. आवरणारे हातच दगड उचलू लागले. इतकी वर्षं शांत असलेली धमनी एका टप्प्यानंतर का बिघडते, याचा एक धागा बहुधा इथे आहे.

मग हा सरळ स्वयंप्रतिकार आजारच म्हणायचा का?

नाही. या विषयावर लिहिणारे इथेच घाई करतात असं मला वाटतं.

धमन्यांचा निखळ स्वयंप्रतिकार आजार कसा असतो, ते पाहायचं तर टाकायासू आर्टरायटिस पाहावा. १९०८ मध्ये मिकितो टाकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी एका तरुणीच्या डोळ्यातल्या विचित्र रक्तवाहिन्यांचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव. हा आजार जपानसारखाच भारतातही आढळतो, आणि बहुतेक रुग्ण चाळिशीच्या आतल्या स्त्रिया असतात. मोठ्या धमन्यांची अख्खी भिंत सुजते. मनगटाला नाडी लागत नाही, दोन हातांचं ब्लडप्रेशर वेगवेगळं येतं. तिथे कोलेस्टेरॉलचा संबंध नसतो आणि मुख्य उपचार म्हणजे संरक्षण यंत्रणा दाबणं.

नेहमीच्या ब्लॉकेजचं तसं नाही. इथे सुरुवात चरबीच्या कणापासून होते आणि स्वयंप्रतिकार नंतर भर घालतो. म्हणून संशोधक जपून बोलतात: या आजाराला स्वयंप्रतिकाराचा एक पदर आहे. तो पदर कुणात जाड असतो, कुणात विरळ. मावशीसारख्यांमध्ये तो जाड असतो.

म्हणजे कोलेस्टेरॉल निर्दोष?

हा निष्कर्ष काढून गोळी बंद करणारे लोक मी पाहिलेत, म्हणून इथे जरा थांबते.

काही लोकांमध्ये जन्मतःच एक जनुकीय फरक असतो, ज्यामुळे त्यांचं एलडीएल आयुष्यभर कमी राहतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात अशा कृष्णवर्णीय लोकांचं एलडीएल इतरांपेक्षा सरासरी २८ टक्के कमी होतं, आणि त्यांना हृदयविकार व्हायचं प्रमाण तब्बल ८८ टक्के कमी. उलट बाजूला, दोन्ही पालकांकडून सदोष जनुक मिळालेल्या मुलांचं एलडीएल इतकं वाढतं की शाळकरी वयातही अटॅक येऊ शकतो. काटाच नसेल तर दाह कशावर येणार?

स्टॅटिन या गोळ्या एलडीएल खाली आणतात आणि दाहही काही प्रमाणात कमी करतात. २००८ मध्ये जाहीर झालेल्या एका चाचणीत १७,८०२ माणसं होती. त्यांचं एलडीएल फारसं वाढलेलं नव्हतं, पण रक्तातली दाहाची खूण वाढलेली होती. स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये अटॅक, पक्षाघात आणि तत्सम घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. ती खूण म्हणजे सीआरपी, यकृतात बनणारं एक प्रथिन. हृदयासाठी तिची अतिसंवेदनशील तपासणी करतात. लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या वर आकडा सतत राहिला तर डॉक्टर दखल घेतात. सर्दी-ताप, दाताचं दुखणं असताना ती करू नये, आकडा उगाच चढलेला येतो. आणि आमवात असेल तर तो सांध्यांमुळेही वाढतो, हे सांगायला विसरू नका.

दाह दाबला तर अटॅक टळतो का?

हा प्रश्न नुसत्या तर्काने सुटणारा नव्हता. २०१७ मध्ये कँटोस या चाचणीचे निकाल आले. आधी अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी चढलेले १०,०६१ रुग्ण. त्यांना मघाचा तो ‘कुमक पाठवा’ निरोप, इंटरल्युकिन-१ बीटा, अडवणारं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिलं. एलडीएल जिथल्या तिथे राहिलं. तरी मधल्या डोसच्या गटात अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. कोलेस्टेरॉलला हात न लावता, केवळ दाह कमी करून हृदय वाचवता येतं, हे माणसांमध्ये पहिल्यांदा सिद्ध झालं. पण संरक्षण यंत्रणेचा एक हात बांधल्याची किंमतही दिसली: जंतुसंसर्गाने दगावणारे काही जण वाढले. एकूण मृत्यू घटले नाहीत, आणि हे महागडं औषध हृदयासाठी वापरात आलं नाही.

पुढच्याच वर्षी उलटा निकाल. आमवाताचं नेहमीचं औषध मेथोट्रेक्सेट ४,७८६ हृदयरुग्णांवर वापरून पाहिलं. काहीच फायदा नाही, दाहाच्या खुणाही उतरल्या नाहीत. यातून मोलाचा धडा मिळाला: ‘दाह’ हा एकच दिवा नाही, तिथे अनेक बटणं आहेत आणि योग्य बटण दाबावं लागतं. (आमवाताच्या रुग्णांनी हे वाचून आपलं मेथोट्रेक्सेट अजिबात थांबवू नये. त्यांच्या बाबतीत ते सांध्यांचा दाह खरोखर आवरतं.)

मग कोल्चिसिन आलं. गाऊटवरचं हे जुनं, स्वस्त औषध, भोंग्याच्या जवळचंच बटण दाबणारं. २०२० मध्ये ५,५२२ रुग्णांच्या चाचणीत रोज अर्धा मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये हृदयाच्या गंभीर घटना ३१ टक्क्यांनी कमी झाल्या. २०२३ मध्ये अमेरिकेने त्याला हृदयासाठी परवानगी दिली. २०२४ मध्ये अटॅकनंतर लगेच सुरू केलेल्या ७,०६२ रुग्णांच्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. वाद चालू आहे, आणि तो प्रामाणिक वाद आहे.

कोल्चिसिन आपल्याकडच्या एका वेलीतही असतं. पावसाळ्यात सह्याद्रीत ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं येणारी कळलावी, जिला खड्यानागही म्हणतात, तिच्या कंदात आणि बियांत. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून कुणी तो कंद घरी उगाळून घेऊ नये, एवढ्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे. तो जहाल विषारी आहे, माणसं दगावतात. गोळीतला अर्धा मिलिग्रॅमसुद्धा मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना आणि काही अँटिबायोटिक घेणाऱ्यांना धोक्याचा ठरू शकतो.

काढे घेऊन प्रतिकारशक्ती वाढवली तर?

कोविडपासून ‘इम्युनिटी वाढवा’ हे शब्द घराघरात शिरलेत. वर जे वाचलं त्यावरून विचार करा: धमनीत संरक्षण यंत्रणा कमी पडत नाहीये, ती अतिउत्साहाने, चुकीच्या जागी आणि न थांबता काम करते आहे. तिला आणखी चेतवणं हे ध्येय असू शकत नाही. आल्याचा काढा आवडतो तर प्या, धमनीसाठी त्यावर भिस्त ठेवू नका.

खरा उपयोग होतो तो उगाच होणाऱ्या चिथावण्या टाळण्याचा. कॅनडातल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका सहा पट झालेला दिसला. हृदयरुग्णांना दरवर्षी फ्लूची लस घ्यायला सांगतात ती यासाठी. तंबाखू धमनीच्या अस्तराला थेट इजा करते, आणि धूर नाही म्हणून चघळण्यातली सुरक्षित असं नाही. मशेरीतही तंबाखूच असते. पोटाच्या आत साठलेली चरबी स्वतःच दाहाचे निरोप सोडत राहते. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक येण्याचं सरासरी वय ५३, इतर जगापेक्षा जवळजवळ सहा वर्षं आधी, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवलं. आपल्याकडे या चिथावण्या लवकर सुरू होतात.

हृदयविकारावरची लस येईल का, असंही लोक विचारतात. कल्पना खरी आहे: अपो-बीचे तुकडे टोचून शांतता समितीचे सदस्य वाढवायचे. उंदरांमध्ये जमलंय. माणसांसाठी अशी लस अजून बाजारात नाही.

ज्यांना आधीच आमवात, ल्युपस किंवा सोरायसिस आहे

हा लेख मुळात यांच्यासाठी आहे.

ल्युपस म्हणजे संरक्षण यंत्रणा त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांवर उलटते तो स्वयंप्रतिकार आजार. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी ल्युपस असलेल्या स्त्रियांची तुलना इतर स्त्रियांशी केली. ३५ ते ४४ या वयोगटात ल्युपस असलेल्यांना हार्ट अटॅकचा धोका ५० पटींहून जास्त निघाला. त्या वयात बाईला अटॅक येणं एरवी दुर्मीळ, म्हणून पट मोठे दिसतात हे खरं. तरी या घर-मुलं-नोकरी सांभाळणाऱ्या तरुण बायका आहेत, आणि त्यांच्या छातीत दुखलं तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून परत पाठवलं जातं.

आमवातात धोका साधारण दीडपट. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना तर सरळ सांगतात की हृदयाच्या धोक्याचा नेहमीचा हिशेब करा आणि १.५ ने गुणा. सोरायसिस अंगभर पसरलेला असेल तर तिथेही धोका वाढतो.

मावशीच्या ‘नॉर्मल’ रिपोर्टाचं उत्तरही इथेच सापडलं. आमवात जोरात असतो तेव्हा दाहामुळे रक्तातलं एलडीएल खाली येतं. म्हणजे धोका सर्वांत जास्त असताना रिपोर्ट सर्वांत चांगला दिसू शकतो. औषध लागू पडलं, सांधे निवले की कोलेस्टेरॉल थोडं वर चढतं, आणि घरचे म्हणतात, औषधानेच कोलेस्टेरॉल वाढवलं! हे उलटं गणित मला आधी माहीत असतं तर तिचा तो कागद पाहून आम्ही निर्धास्त झालो नसतो.

म्हणून संधिवाताच्या डॉक्टरांना विचारा: माझ्या हृदयाचा धोका तुम्ही मोजलाय का, की फक्त सांधे पाहताय? ब्लडप्रेशर, शुगर, लिपिड हे आजार शांत असताना पुन्हा तपासून घ्या. स्टिरॉइडचा डोस कमीत कमी किती पुरेल ते विचारा, कारण ते ब्लडप्रेशर आणि शुगर चढवतं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेणं हृदयाला जड जातं. आणि मूळ आजार आटोक्यात ठेवणं हाच हृदयाचाही उपचार आहे, कारण सांध्यात पेटलेला दाह रक्तातून धमनीपर्यंत पोचतो.

मावशी आता ५८ वर्षांची आहे. स्टॅटिन चालू आहे, मेथोट्रेक्सेट चालू आहे, दरवर्षी फ्लूची लस घेते. तिच्या फायलीत आता दोन डॉक्टरांचे कागद एकत्र लावलेले असतात, आधी ते वेगवेगळ्या पिशव्यांत असायचे. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तिचा डावा खांदा पुन्हा ठणकला. तिने मला फोन केला, तेलाची बाटली तशीच ठेवली आणि आम्ही आधी दवाखान्यात गेलो. ईसीजी काढला, हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी दोनदा केली. दोन्ही वेळा नॉर्मल. रात्री साडेअकराला घरी आलो, मग तिने शेक घेतला.